माणगाव परिषदेला शंभर वर्षं झाली, मग कबनूरसारख्या गावात समतेचं काम आज नेमकं काय असतं?

कोल्हापूर जिल्ह्यातलं कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेलं गाव. इथल्या बऱ्याच घरांचा संसार यंत्रमागावर चालतो. त्याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. मार्च १९२० मध्ये तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय अवघं २८. राजर्षी शाहू महाराज स्वतः परिषदेला आले आणि हा तरुणच तुमचा खरा पुढारी आहे, असं त्यांनी जमलेल्यांना सांगितलं.

हा इतिहास या भागात अनेकांना माहीत आहे. जयंतीच्या फलकांवर तो दरवर्षी दिसतो. पण नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या गावातल्या संघटनेची खरी परीक्षा १४ एप्रिल आणि २६ जून या तारखा उलटल्यावर सुरू होते. ती कशी, हे समजून घेऊया.

कायदे आहेत, मग संघटना कशाला?

अस्पृश्यता पाळणं हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. १९८९ मध्ये त्याहून कडक असा ॲट्रॉसिटी कायदा आला. सामाजिक बहिष्काराविरोधात महाराष्ट्राने वेगळा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. जात पंचायतीने किंवा गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, तर या कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे कागदावर संरक्षण भक्कम आहे. अडचण येते ती पोलीस ठाण्याच्या पायरीवर. तक्रार करणारा बहुतेक वेळा त्याच गावात राहणारा असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच कारखान्यात किंवा शेतात तो कामाला असू शकतो. रोजगार बुडवून तालुक्याला हेलपाटे घालणं त्याला परवडत नाही. 'मिटवून टाका' असा सल्ला द्यायला मात्र चार लोक लगेच येतात.

अशा वेळी सोबत कुणीतरी असणं महत्त्वाचं ठरतं. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल करायचं असतं. पीडिताला ठरावीक टप्प्यांत अर्थसाहाय्य मिळतं. हे माहीत असलेला कार्यकर्ता सोबत असेल, तर प्रकरण रेंगाळण्याची शक्यता कमी होते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचं काय?

ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हायला हवी. स्वयंसेवी संस्थांशी संबंधित व्यक्तींनाही तिच्यात सदस्य म्हणून घेता येतं.

बैठक झाली का? किती प्रकरणांचा आढावा घेतला? किती जणांचं अर्थसाहाय्य थकलं आहे? हे प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतात. त्यासाठी मोर्चा लागत नाही. साधा अर्ज आणि १० रुपयांचं शुल्क पुरतं.

तरुणांचा यात काय संबंध?

सगळीच विषमता मारहाणीच्या किंवा बहिष्काराच्या रूपात दिसत नाही. बारावीनंतर शिक्षण सुटणं हीसुद्धा विषमताच आहे, पण त्याची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही.

शाहू महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. त्याच काळात कोल्हापुरात वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा नसेल, तर राखीव जागेपर्यंत तो पोचणारच नाही, हे साधं गणित त्यामागे होतं.

आजही हा प्रश्न सुटलेला नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, आधार जोडलेलं खातं लागतं. एक कागद राहिला की अर्ज अडकतो. मागावर पाळी करणाऱ्या आई-वडिलांना तहसील कार्यालयात रांगेत उभं राहायला वेळ काढणं अवघड असतं.

म्हणूनच जून-जुलैमध्ये दाखल्यांचं शिबिर घेणारं, मुलांचे अर्ज भरून देणारं आणि नंतर त्यांचा पाठपुरावा करणारं मंडळ हे समतेचंच काम करत असतं. त्यात भाषण नसतं, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

गावाच्या ठरावाने फरक पडतो का?

पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, इतर गावांनीही हेरवाडचं अनुकरण करावं, असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. एका गावाचा निर्णय काही दिवसांत राज्यभर पोचला.

मात्र ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडणाऱ्याला शिक्षा होत नाही. एखाद्या घरात पतीचं निधन झाल्यावर बांगड्या फोडायला कुणी पुढे आलं, तर त्या क्षणी 'नको' म्हणणारं माणूस तिथे असावं लागतं. हे माणूस तयार करणं कायद्याला जमत नाही. ते काम संघटनेचं.

मग संघटनेचं मोजमाप कशावरून करायचं?

मिरवणुकीत किती लोक होते, यावरून नक्कीच नाही. वर्षभरात किती मुलांचे अडकलेले अर्ज मार्गी लागले, किती तक्रारदार शेवटपर्यंत टिकले आणि संघटनेतल्या किती मुली व्यासपीठामागे न राहता निर्णय घेणाऱ्यांत आल्या, हे विचारायला हवं. माणगावात एका संस्थानच्या राजाने २८ वर्षांच्या तरुणाच्या हाती नेतृत्व दिलं होतं. आज त्याच तालुक्यातल्या संघटनांमध्ये विशी-तिशीतल्यांच्या हाती नेमकं काय दिलं जातं? फक्त झेंडा, की हिशेबाची वहीसुद्धा?