मरणाला पाठ फिरवणारी शुश्रूषा

कर्करोगाच्या वॉर्डात एखादी खाट अशी असते, जिच्याजवळ सिस्टरची पावले उगाच घाईची होतात. सलाइन बदलते, नोंद होते. 'मी वाचेन ना?' हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. आम्ही याला निर्दयता म्हणणार नाही. ही भीती आहे. पण वेदना वाढल्याचे डॉक्टरांना कळवायचे तिनेच; तीच टाळू लागली तर मॉर्फिनचा डोस वाढणार कसा? १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स मुळात परिचारिकाच होत्या. मरण हा शुश्रूषेचा पराभव नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. परिचारिकेला मरणाविषयी बोलायला शिकवायचे नाही, रुग्णापाशी बसायला उसंत द्यायची नाही आणि वर तिलाच कठोर ठरवायचे, हा दांभिकपणा आम्हांला मान्य नाही.