तेलिया रुमाल : नावातलं तेल कुठं गेलं?

'रुमाल' हा शब्द मूळ फारसी. 'रू' म्हणजे तोंड आणि 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं फडकं, इतकाच अर्थ. पण मराठीत आल्यावर त्याने बऱ्याच नोकऱ्या केल्या. आपले आजे-पणजे डोक्याला रुमाल बांधायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले, तेही हजारोंनी. त्यामुळे दफ्तरात 'रुमाल' म्हणजे कापड नव्हे, तर कागदांचं अख्खं गाठोडं. आमच्यासारख्या कारकुनांना हा अर्थ जास्त जवळचा!

तेलंगणातल्या पुट्टपाका गावचा 'तेलिया रुमाल' मात्र वेगळाच. हैदराबादला विद्यानगरात माझी मावसबहीण राहते. गेल्या खेपेला तिने मला एक ओढणी दाखवली. लाल-काळी-पांढरी, चौकड्यांची, स्वस्तात मिळालेली. दुकानदाराने 'तेलिया रुमाल' म्हणूनच विकलेली. हात लावला तर पॉलिस्टर, आणि नक्षी एकाच बाजूला छापलेली.

आता हे 'तेलिया' म्हणजे काय? ते नक्षीचं नाव नव्हे, कामाचं नाव आहे. सूत तेलात आणि एरंडाच्या बोंडांच्या राखेच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. असं कित्येक दिवस. त्यामुळे लाल रंग सुतात मुरतो, कापड मऊ होतं आणि तेलाचा वास त्याला कायमचा राहतो. मग उभे आणि आडवे दोन्ही धागे नक्षीप्रमाणे बांधून रंगवायचे आणि शेवटी विणायचे. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच दिसते. एके काळी हे रुमाल डोक्याला बांधायला अरबस्तानापर्यंत जायचे.

पुट्टपाकाच्या तेलिया रुमालाला २०२० साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. छान झालं. पण मानांकन कागदावर असतं आणि खरेदी दुकानात होते. गिऱ्हाइकालाच नावाचा अर्थ माहीत नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? ज्याला 'तेलिया'तलं तेल कळलं, तो निदान वास घेईल, कापड उलटून बघेल. माझ्या मते शब्दाचा अर्थ ठाऊक असणं हीच विणकराची पहिली राखण.

आपल्या गोव्यातही तेच आहे. कोंकणीत 'कापड' म्हणजे नुसतं वस्त्र नव्हे, तर लुगडं. वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी कापड पुन्हा लोकांसमोर आणलं, त्याचं कौतुकही झालं. पण आज कुठल्याही लाल चौकड्यांच्या साडीला 'कुणबी' म्हटलं जातं. कुणी, कुठल्या मागावर विणली, हे कोण विचारतो? चौकडा छापता येतो, हातमाग छापता येत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी दुकानात भाव विचारण्याआधी नावाचा अर्थ विचारा. दुकानदार गडबडला, तर काय ते समजून घ्या.