गाडी तुमच्या नावावर, चावी कंपनीच्या सर्व्हरवर

इलेक्ट्रिक स्कूटरवरची भांडणं आपल्याकडे ठरलेल्या दोन बाकांवरून चालतात. एका बाकावरचे म्हणतात, 'खेळणं आहे ते, रस्त्यात बंद पडलं की बसा ढकलत.' दुसऱ्या बाकावरचे मोबाइल काढून पेट्रोलचे किती पैसे वाचले याचा स्क्रीनशॉट दाखवतात. मी पुण्यात रोज तीसेक किलोमीटर इलेक्ट्रिक स्कूटर चालवतो आणि पोटासाठी कोड लिहितो. माझं म्हणणं असं की दोन्ही बाक चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. गाडी किती किलोमीटर जाते हा प्रश्न शहरापुरता सुटलेला आहे. ती बिघडली की तिला हात लावायचा अधिकार कुणाला, हा खरा प्रश्न आहे.

आधी हिशोब करून टाकू. 3 युनिटची बॅटरी असलेली स्कूटर शहरात एका चार्जमध्ये 80-90 किलोमीटर सहज जाते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरा आणि दर युनिटला 12 रुपये असा चढाच लावा, तरी 100 किलोमीटरला पन्नासच्या आसपास खर्च येतो. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 देते आणि पेट्रोल शंभरीपार आहे, म्हणजे तेवढ्याच अंतराला सव्वादोनशेच्या वर. महिन्याला 750 किलोमीटर चालवणाऱ्याचे तेराशेच्या घरात वाचतात. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही. या बाकावरचे लोक खोटं बोलत नाहीत.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सॉकेट मागितलं की सेक्रेटरी काकांचा चेहरा पडतो, हेही खरं. पण घरातल्या किंवा ऑफिसातल्या सध्याच्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. वेगळं मीटर, दोन-तीन मीटिंगा आणि थोडा चिवटपणा एवढ्यावर ते निभतं.

दुरुस्तीचं मात्र चिवटपणाने निभत नाही. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी एका सकाळी जागची हलेना. स्क्रीनवर लाल त्रिकोण आणि 'सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा', बस्स. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांनी वाकून पाहिलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, साइड स्टँडच्या सेन्सरच्या जोडात पाणी गेलंय. स्टँड खाली आहे असंच गाडीला वाटतंय, म्हणून ती मोटर सोडत नाहीये. त्यांनी जोड सुकवला, साफ केला. तरी त्रिकोण जाईना, कारण नोंदवला गेलेला बिघाड पुसायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त कंपनीच्या माणसाच्या लॅपटॉपवर असतं. टेम्पोत घालून गाडी सेंटरला नेली. 16 दिवसांनी परत मिळाली. काम अर्ध्या तासाचं होतं, बाकी सगळी रांग.

रांग का लागते? माणसं कमी म्हणून, आणि माणसं कमी का, तर बाकीच्या सगळ्या मेकॅनिकना दाराबाहेर ठेवलंय म्हणून. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी, मोटरचा कंट्रोलर, डिस्प्ले असे छोटे छोटे संगणक एका तारेवर आपसांत बोलत असतात. बिघाड झाला की त्यातला कुणीतरी एक कोड नोंदवतो. तो कोड मालकाला दिसू द्यायचा नाही, ही तांत्रिक मर्यादा नाही. गाडीत एवढा मोठा स्क्रीन आहे, त्यावर गाणी आणि नकाशे दिसतात, तिथे चार आकडी कोड दाखवायला माझ्यासारख्या माणसाला एक दुपार पुरे. काही ठिकाणी तर नवा सुटा भाग बसवला तरी सर्व्हरने मान्यता दिल्याशिवाय गाडी तो ओळखत नाही. हे कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलेलं असतं. अशा मीटिंगा कशा होतात, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

यावर पहिलं उत्तर येतं सुरक्षिततेचं. ते पोकळ नाही. 2022च्या उन्हाळ्यात पुण्यासह ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस-156 हे नियम कडक झाले. बॅटरीचं खोकं रस्त्यावर कुणीही उघडू नये, हे मलाही मान्य आहे. पण साइड स्टँडचा सेन्सर, ब्रेकचा स्विच आणि चार्जिंगचं पोर्ट म्हणजे बॅटरी नव्हे. बॅटरीचंही काम प्रशिक्षण आणि परवाना देऊन बाहेरच्यांना करू देता येतं. सीएनजीची टाकी काही कमी धोक्याची नाही, तरी मान्यताप्राप्त गॅरेजं ती रोज बसवताहेत.

दुसरं उत्तर चोरीचं: कुलूप काढलं तर सुटे भाग चोरून विकले जातील. मग मालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवा. बँका आपले लाखो रुपये त्याच भरवशावर हलवतात.

आणि समजा उद्या कंपनीच राहिली नाही तर? व्हॅनमूफ ही नेदरलँड्समधली ई-सायकलची नावाजलेली कंपनी जुलै 2023मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या सायकली अॅपने उघडायच्या आणि त्यासाठीची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद पडले तर सायकली दारात उभ्या राहतील, म्हणून काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीने घाईने एक अॅप काढलं आणि लोकांनी आपापल्या किल्ल्या त्यात उतरवून घेतल्या. स्वतःच विकत घेतलेल्या सायकलची किल्ली वाचवायला दुसऱ्या दुकानदाराची दया लागावी, हे आपल्याकडे घडेपर्यंत थांबायचं का?

युरोपीय संघाने उत्तर दिलंय. त्यांच्या 2023च्या बॅटरी नियमावलीनुसार हलक्या वाहनांच्या 25 किलोपर्यंतच्या बॅटऱ्या स्वतंत्र कारागिरालाही बदलता आल्या पाहिजेत आणि सॉफ्टवेअर वापरून त्यात खोडा घालता येणार नाही. ही अट फेब्रुवारी 2027पासून लागू होते. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्र घेतलं, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. पोर्टलवर माहिती मिळते. कंपनीला भाग पाडायला कायदा लागतो.

आणि भाग पाडायचा अधिकार आपल्याला आहे, कारण पैसे आपले गेलेत. फेम-2 योजना सुरुवातीला 10,000 कोटींची होती, तिच्यानंतरची पीएम ई-ड्राइव्ह 10,900 कोटींची. सुटे भाग देशात बनलेले हवेत, ही अट सरकारला अनुदानाला जोडता आली. मग बिघाडाचा कोड मालकाला स्क्रीनवर दिसेल, निदानाचं सॉफ्टवेअर वाजवी दरात कुठल्याही गॅरेजला मिळेल, सुटे भाग काउंटरवर विकत मिळतील, बॅटरीची उरलेली क्षमता मालकाला कळेल आणि इंटरनेट नसतानाही गाडी चालू होईल, या पाच अटी जोडायला काय हरकत होती?

पुण्यात आठ वर्षं वापरलेली पेट्रोलची स्कूटर पुढे अंबाजोगाईला किंवा सांगोल्याला जाते आणि आणखी सात-आठ वर्षं कुणाचा तरी संसार ओढते. कारण तिथल्या स्टँडसमोर एक मेकॅनिक असतो, त्याच्याकडे पाने असतात आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आजच्या इलेक्ट्रिक स्कूटरला हा दुसरा जन्म नाही. जवळचं सर्व्हिस सेंटर 100 किलोमीटरवर असेल तर ती तिथे कोण घेणार? मग स्वस्त प्रवासाचा हा सगळा हिशोब शहरातल्या, पहिल्या मालकापुरताच उरतो.

तेव्हा शोरूममध्ये गेलात की रेंज आणि रंग विचारून झाल्यावर एवढं विचारा: 'बिघाडाचा कोड मला दिसेल का? वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजात काम करता येईल का?' सेल्समनकडे उत्तर नसेल. त्याला ते मॅनेजरला विचारायला लावा, आणि उत्तर लेखी मिळेपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.