दुःखाचे झीलकरी

हर्बर्ट हॉवेल्स या इंग्रज संगीतकाराच्या 'रेक्विएम'ची ओळख करून देताना निवेदकाचा आवाज हमखास खाली येतो. नऊ वर्षांचा मुलगा गेला आणि बापाने हे रचले, असे तो सांगतो. पहिला सूर लागण्याआधीच सभागृहात रुमाल बाहेर आलेले असतात. गोष्ट काळीज हलवणारी खरीच, पण तिच्यात एक अडचण आहे. हॉवेल्सनी 'रेक्विएम' लिहिले १९३२ साली आणि मायकल गेला ६ सप्टेंबर १९३५ रोजी. बाप मृतांसाठी गाणे लिहीत होता, तेव्हा मुलगा घरात बागडत होता.

ही चूक कशी झाली असेल ते समजू शकते. 'रेक्विएम' जवळपास अर्धे शतक अप्रकाशित राहिले आणि ते बाहेर आले तोवर हॉवेल्स म्हणजे पुत्रशोकाचा संगीतकार, अशी ओळख पक्की झाली होती. पण तारखा उजेडात आल्या तरी जुनी गोष्ट जागची हलत नाही. आपल्याला गाण्याला मृत्यूचा दाखला जोडलेला हवा असतो. तो असला की ऐकण्याची मेहनत निम्मी होते. दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी तर याचा धंदाच करून ठेवला आहे. आधी स्पर्धकाच्या घरचे दुःख, संथ गतीत, मागे बासरी. मग परीक्षकांचे पाणावलेले डोळे, अगदी जवळून. गाण्याला उरतात दीड-दोन मिनिटे, आणि सूर लागला की नाही असे त्या क्षणी विचारील तो निर्दय.

चेक संगीतकार आन्तोनिन द्वोर्झाक यांच्या 'स्ताबात मातेर'चेही असेच झाले आहे, फक्त तिथे गोष्ट बरीचशी खरी आहे. १८७५च्या ऑगस्टमध्ये त्यांची मुलगी योसेफा जन्मली आणि दोन दिवसांत गेली. पुढच्या वर्षी त्यांनी पियानोच्या साथीचा सात भागांचा खर्डा केला आणि बाजूला ठेवून दिला. १८७७च्या ऑगस्टमध्ये त्यांची अकरा महिन्यांची दुसरी मुलगी रुझेना फॉस्फरसचे द्रावण प्याली आणि गेली. महिना उलटायच्या आत साडेतीन वर्षांचा ओटाकार देवीने गेला, नेमका बापाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी. घरात एक मूल उरले नाही. मग द्वोर्झाकनी तो खर्डा बाहेर काढला आणि १३ नोव्हेंबरला दहा भागांची पूर्ण कृती लिहून हातावेगळी केली.

ओटाकार गेल्यापासून हिशेब केला तर दोन महिने आणि पाच दिवस. इथे निवेदक म्हणतो, अश्रूंची शाई झाली. तसे काही होत नसते. कॉयर आणि वाद्यवृंदासाठी लिहायचे म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या चारही आवाजांच्या ओळी एकमेकींच्या पायात न येता चालवायच्या, टेनरला हा वरचा सूर झेपेल का ते पाहायचे, शिंगे वाजू लागली की शब्द ऐकू येतील का याचा अंदाज घ्यायचा. हे डोळे पुसून, दिवा मोठा करून करायचे काम आहे. शब्दही स्वतःचे नव्हते. मध्ययुगातले लॅटिन पद, क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या येशूच्या आईचे. बापाने आईचा शोक उसना घेतला. (त्या तीन मुलांची आई अ‍ॅना स्वतः गाणारी होती, तीही आल्टो. तिचे काय झाले हे मात्र कोणतेही कार्यक्रमपत्रक सांगत नाही.) १८८४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये द्वोर्झाकनी स्वतः ही कृती सादर केली तेव्हा समोर आठशेहून अधिक गायक होते. योसेफा, रुझेना, ओटाकार ही नावे त्यांतल्या कितीजणांनी ऐकली असतील? गाताना त्यांचे काही अडले नाही.

मुळात रडणे आणि गाणे ही कामे एकाच घशाची, आणि ती एकत्र होत नाहीत. हुंदका आला की श्वास तुटतो आणि सूर गेला. कॉयरची निम्मी तालीम या श्वासाचीच असते. लांब सूर अखंड राहावा म्हणून शेजारी उभे असलेले गायक ठरवून निरनिराळ्या वेळी श्वास घेतात. एक थांबतो तेव्हा दुसरा चालू असतो, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. आपल्याला ही युक्ती परकी नाही. पोवाड्यात शाहिराचा दम सरतो तिथे झीलकरी ओळ उचलतात, कीर्तनात टाळकरी. मात्र आपल्याकडे शाहीर पुढे उभा असतो, बुवा पुढे उभे असतात. कॉयरमधून एखादा आवाज पुढे आला तरी तो परत मागच्या रांगांत विरघळतो. ज्याचे दुःख, तो त्या रांगांत नसतोच. सगळे झीलकरी.

कधी कधी तर ज्याचे दुःख त्याचे नाव घेण्याचीही सोय नसते. इंग्लंडचा युवराज हेन्री १६१२ साली अठराव्या वर्षी वारला. त्यानंतरच्या काळात टॉमस टॉमकिन्स, टॉमस वील्क्स अशा अनेकांनी बायबलमधला, मुलगा अबशालोम गेल्यावरचा दावीद राजाचा विलाप कॉयरसाठी बांधला, आणि त्यामागे युवराजाचा मृत्यू असावा असे अभ्यासक मानतात. राजाच्या अंतःपुरातल्या दुःखाला चाल कोण लावणार? म्हणून दुसरा राजा मध्ये उभा केला. त्यातही हा अबशालोम काही गुणी बाळ नव्हे. बापावर उठलेला, बापाच्याच सैन्याने मारलेला. दावीद इतका रडला की जिंकलेले सैन्य हरल्यासारखे चोरपावलांनी नगरात शिरले, आणि शेवटी सेनापती यवाबाला राजाला चार शब्द सुनवावे लागले. टॉमकिन्सच्या रचनेत पाच आवाज आहेत. मुलाला मारलेली हाक एका आवाजातून दुसऱ्यात जात राहते, आणि ती मुळात कुणी मारली हे थोड्या वेळाने सांगता येत नाही.

हॉवेल्सची हकीकत अजून अर्धीच सांगून झाली आहे. १९३५च्या सुटीत हे कुटुंब ग्लॉस्टरशायरमध्ये, म्हणजे हॉवेल्सच्या स्वतःच्या मुलखात होते. तिथे मायकलला पोलिओने गाठले आणि काही दिवसांत सारे संपले. साल्कची लस यायला अजून वीस वर्षे होती. (भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो २०१४ साली. पाय लुळा पडलेला एखादा वर्गमित्र आमच्या पिढीत बहुतेकांना आठवेल.) ग्लॉस्टरजवळच्या ट्विगवर्थच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. बाप लिहायचा थांबला. काहीतरी लिहा, असे सुचवले ते थोरल्या मुलीने, अर्सुलाने.

त्यातून १९३८पर्यंत 'हिम्नस पॅराडिसी' बहुतेक तयार झाले. ही कृती खरोखरच मायकलसाठी. पण तिच्यासाठी हॉवेल्सनी हात घातला तो १९३२च्या 'रेक्विएम'लाच. त्यातले मोठाले भाग उचलून, वाढवून, वाद्यवृंदासह नव्याने मांडले. गाणे आधी बांधून तयार होते, दुःख नंतर त्यात राहायला आले. एका प्रार्थनागीताच्या चालीचेही तेच. न्याहारीच्या टेबलावर बसल्या बसल्या बांधलेली ही चाल मुलगा हयात असतानाची. तिला 'मायकल' हे नाव नंतर दिले. 'हिम्नस'च्या गायल्या जाणाऱ्या शब्दांत मात्र मायकल कुठेही नाही. लॅटिन शांतिपाठ आहे, तेविसावे आणि एकशेएकविसावे स्तोत्र आहे. कुणाच्याही मयताला चालतील असे शब्द.

आणि मग बारा वर्षे ते बाड बंद राहिले. ते आपले खासगी, दुसऱ्याला दाखवण्याचे नव्हे, अशी हॉवेल्सची भावना होती. अखेर संगीतकार व्हॉन विल्यम्स आणि इतर स्नेह्यांच्या आग्रहाने ते बाहेर आले. प्रयोग ठरला ७ सप्टेंबर १९५० रोजी, ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये, तीन शहरांच्या कॉयर एकत्र येतात त्या जुन्या उत्सवात. मायकलला जाऊन आदल्याच दिवशी पंधरा वर्षे झाली होती. ट्विगवर्थ तिथून दोन-तीन मैलांवर.

संचालनाला हॉवेल्स स्वतः उभे राहिले. संचालक उभा राहतो तो गायकांकडे तोंड करून. दोन तास आधी येऊन जागा धरलेल्यांनाही त्यांची पाठच काय ती दिसली असेल.