विश्लेषण : पाळीव सापांना जंत का होतात? घरच्या घरी दिलेले औषध सापाच्याच जिवावर कसे उठते?

जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथे ६४ वर्षांच्या एका महिलेच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांच्या चिमट्यात आला आठ सेंटिमीटर लांबीचा जिवंत, वळवळणारा जंत. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये या प्रकरणाची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि तो फोटो जगभर फिरला. ‘मेंदूत जंत’ एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. पण तो जंत माणसाचा नव्हताच. ‘ऑफिडास्करिस रॉबर्ट्सी’ नावाचा हा जंत त्या भागातल्या कार्पेट पायथन या अजगराच्या पोटात राहतो. अजगराच्या विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडी रानभाजीबरोबर त्या महिलेच्या पोटात गेली असावीत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे.

मुंबईचा या सगळ्याशी काय संबंध? डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ मध्ये थायलंडहूनच आलेल्या आणखी एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप मिळाले. पकडले गेलेल्यांची बातमी होते. जे निसटतात ते कुणाच्या तरी बेडरूममधल्या काचेच्या पेटीत पोहोचतात आणि त्यांच्या पोटात काय आहे, हे कुणीच तपासलेले नसते.

सापाच्या पोटात जंत येतात कुठून?

रानातल्या सापाच्या पोटात जंत असणे ही नेहमीची गोष्ट आहे. बेडूक, पाली, उंदीर खाणाऱ्या प्राण्याला ते टळत नाहीत. गोल कृमी, अंकुशकृमी, चपट्या पट्टकृमी आणि सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे एकपेशीय परजीवी, असा सगळा गोतावळा त्यात येतो. रानात साप एका जागी राहत नाही, स्वतःच्या विष्ठेवर पुन्हा पुन्हा सरपटत नाही, त्यामुळे ओझे मर्यादित राहते आणि धडधाकट साप ते निभावून नेतो.

पिंजऱ्यात हे गणित उलटते, पण सगळ्याच जंतांच्या बाबतीत नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. काही जंतांना आपले जीवनचक्र पूर्ण करायला मधला यजमान लागतो. पट्टकृमीची अळी आधी एखाद्या बेडकात किंवा उंदरात वाढते, तो प्राणी सापाने खाल्ला की मग ती सापात प्रौढ होते. पेटीत बेडूकच नसेल तर हे चक्र तुटते आणि आहेत ते जंत कालांतराने मरून जातात. याउलट ‘कॅलिसेफालस’ हा सापांमधला अंकुशकृमी किंवा ‘स्ट्राँगिलॉइडिस’सारखे जंत यांना मधला कुणी लागत नाही. विष्ठेतून अंडी पडतात, ओलसर भुशात अळ्या तयार होतात आणि त्याच सापाच्या तोंडातून किंवा कातडीतून पुन्हा आत शिरतात. दोन-तीन फुटांच्या बंद पेटीत, त्यात हीटर आणि ओलावा असताना, हे चक्र अखंड फिरत राहते. म्हणून आणला तेव्हा ठणठणीत दिसणारा साप चार-सहा महिन्यांनी अचानक ढासळतो आणि मालकाला वाटते, इथलेच काहीतरी बाधले.

पश्चिम आफ्रिकेतील टोगो, बेनिन आणि घाना या देशांतून बॉल पायथनचा मोठा व्यापार चालतो. तिथे रानातल्या गाभण माद्या पकडून त्यांची अंडी उबवली जातात आणि पिल्ले निर्यात होतात. थेट रानातून धरलेले सापही या व्यापारात असतात. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला साप आणि रानातून आलेला साप दुकानात सारखेच दिसतात. पोटातल्या ऐवजात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लक्षणे कोणती?

साप ओरडत नाही, लंगडत नाही, त्यामुळे आजार उशिरा कळतो. गिळलेले भक्ष्य दोन-चार दिवसांनी उलटून टाकणे, खाऊनही अंग न धरणे, पाठीचा कणा उठून दिसणे, विष्ठेला सडका वास येणे, त्यात आव किंवा रक्त दिसणे, ही महत्त्वाची लक्षणे. नुसते खाणे सोडले म्हणून जंतच असतील असे नाही. बॉल पायथन थंडीच्या दिवसांत किंवा पेटीचे तापमान घसरले तरी कित्येक आठवडे तोंड फिरवून बसतो. आणि भक्ष्य पचायला ऊब लागते, ती नसेल तर एकही जंत नसताना साप उलटी करतो. औषधाचा विचार करण्याआधी पेटीतला तापमापक बघावा.

दोन आजार मात्र वेगळे सांगायला हवेत. ‘एंटामिबा इन्व्हेडन्स’ हा अमिबा कासवांच्या आतड्यात बहुधा निरुपद्रवी असतो, सापाच्या आतड्याला मात्र तो अक्षरशः कुजवतो. रक्ती आव पडते आणि काही आठवड्यांत साप दगावतो. कासवे आणि साप शेजारी-शेजारी ठेवणे, एकाच चिमट्याने दोघांची साफसफाई करणे, हा त्याचा राजमार्ग. दुसरा ‘क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस’. त्याने जठराचे अस्तर सुजून जाड होते, सापाच्या अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसतो आणि प्रत्येक जेवण बाहेर येते. यावर खात्रीने बरे करणारे औषध आजही नाही. काही साप महिनोन्‌महिने निरोगी दिसत राहतात आणि तेवढ्या काळात घरातल्या इतर सापांना संसर्ग देतात. म्हणूनच असा साप कायमचा वेगळा ठेवण्याचा किंवा दयामरण देण्याचा कटू सल्ला पशुवैद्य देतात.

तपासणी कशी होते?

विष्ठेची. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून शक्यतो त्याच दिवशी पशुवैद्याकडे पोहोचवायची. वाळलेल्या नमुन्यात हलणारे एकपेशीय जीव दिसत नाहीत. एक नमुना थेट काचपट्टीवर पाहतात, दुसरा मिठाच्या दाट द्रावणात घालतात, म्हणजे हलकी अंडी वर तरंगतात. क्रिप्टोसाठी वेगळे रंगद्रव्य किंवा पीसीआर चाचणी लागते, नेहमीच्या तपासणीत तो हमखास निसटतो.

अडचण अशी की साप रोज विष्ठा टाकत नाही, मोठा अजगर तर कित्येक आठवडे टाकत नाही, आणि जंतही रोज अंडी घालत नाहीत. त्यामुळे एका नमुन्यात काही आढळले नाही म्हणजे साप निर्धोक, असे होत नाही. वेगवेगळ्या वेळचे तीन नमुने स्वच्छ आले तर बऱ्यापैकी खात्री धरता येते. उलटी फसगतही होते. सापाने खाल्लेल्या पांढऱ्या उंदराच्या पोटातल्या सूत्रकृमींची अंडी सापाच्या विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडतात. ती सापाची नव्हेत, पण अहवालात ‘अंडी आढळली’ एवढेच लिहिलेले असते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य हा फरक ओळखतो. तो अनुभव नसलेला औषध लिहून मोकळा होतो.

मग औषध देण्यात धोका काय?

समाजमाध्यमांवर सापप्रेमींच्या गटांत ‘दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या’ हा सल्ला सर्रास सापडतो. सोबत गुरांच्या किंवा कुत्र्यांच्या औषधाच्या बाटलीचा फोटो. हा सल्ला बिनबुडाचा आहे. कोणता परजीवी आहे हे कळल्याशिवाय औषध ठरतच नाही. गोल कृमींवर फेनबेंडाझोल, पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल, अमिबावर मेट्रोनिडाझोल, कॉक्सिडियावर सल्फा गटातली किंवा टोल्ट्राझुरिलसारखी औषधे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

खरा घोळ प्रमाणाचा आहे. आयव्हरमेक्टिनचे उदाहरण घ्या. गुरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलीटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते. सापासाठी पुस्तकातला डोस आहे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोच्या बॉल पायथनला लागते ०.१ मिलिग्रॅम, म्हणजेच ०.०१ मिलिलीटर. एक मिलिलीटरच्या सिरिंजवरची सर्वात छोटी रेघ तेवढीच असते. औषधाचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटर भरतो. ‘एकच थेंब तोंडात टाका’ असे सांगणारा नकळत पाचपट डोस सांगत असतो. पशुवैद्य हे औषध आधी पातळ करून घेतात ते याचसाठी. त्यातही बॉल पायथनमध्ये आयव्हरमेक्टिननंतर तोल जाणे, अंग लुळे पडणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, आणि कासवांना तर हे औषध जीवघेणे ठरते. साप आणि कासव दोन्ही पाळणाऱ्या घरात ही बाटली चुकूनही हाताशी असू नये.

फेनबेंडाझोल त्यामानाने सुरक्षित समजले जाते. पण जास्त मात्रेत तेही अस्थिमज्जेवर आघात करून पांढऱ्या पेशी घटवते. मेट्रोनिडाझोलच्या मोठ्या डोसाने साप डोके वाकडे करतो, उलटा पडतो. आणि हाडांचा सापळा झालेल्या सापाला कोणतेही औषध आधी देतच नाहीत. त्याला आधी पाणी, ऊब आणि थोडी ताकद द्यायची, मग जंतांकडे वळायचे. पोटात जंतांचे मोठे ओझे असताना ते एकदम मारले, तर मेलेल्या जंतांचा त्रास अशक्त सापाला झेपत नाही.

बहुतेक औषधे अंड्यांवर चालत नाहीत, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. त्यानंतर पुन्हा विष्ठा तपासायची. आणि पेटी तशीच घाण ठेवून औषध दिले तर महिन्याभरात सगळे पूर्ववत. औषधाइतकेच काम झाडू-फडक्याचे आहे.

प्रतिबंध कसा करायचा?

नवा साप घरात आला की निदान ६० ते ९० दिवस तो वेगळ्या खोलीत. त्याची पेटी, पाण्याचे भांडे, चिमटे वेगळे. रोजची देखभाल जुन्या, निरोगी सापापासून सुरू करायची आणि नव्याकडे सर्वात शेवटी जायचे. या काळात खाली भुसा नको, साधे वर्तमानपत्र बरे, विष्ठा लगेच दिसते आणि लगेच उचलता येते. सापाने घाण केली की त्याच दिवशी साफ करावी. थेट पसरणाऱ्या जंतांचे चक्र तिथेच तुटते.

घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर, भिंतीवरची पाल, पावसाळ्यातला बेडूक सापाला ‘फुकटचे जेवण’ म्हणून देऊ नये. जंतांच्या अळ्या तिथूनच येतात, आणि घरच्या उंदराने विष खाल्लेले असेल तर ते वेगळेच. खाण्यासाठी वाढवलेले, डीप फ्रीझरमध्ये काही आठवडे गोठवून ठेवलेले उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून देणे हा सर्वात सुरक्षित मार्ग. गोठवल्याने अनेक परजीवींच्या अळ्या मरतात. दुधाचे तर नावच नको. नागपंचमीला वाटीभर दूध पुढे करण्याची हौस सापाच्या पोटाला जंतांइतकीच महागात पडते.

जंतुनाशकाबाबतही एक गैरसमज आहे. ब्लीचने सगळे मरते असे नाही, क्रिप्टो त्याला दाद देत नाही. त्याच्यावर वाफ, उकळते पाणी आणि नंतर कडक कोरडेपणा चालतो. अमोनियाही चालतो, पण तो ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

माणसाला किती धोका?

ऑस्ट्रेलियातली घटना त्या जंताची माणसातली पहिलीच नोंद होती. सापाच्या पोटातले बहुतेक जंत माणसात तग धरत नाहीत. पेंटास्टोम नावाचे, सापाच्या फुप्फुसात राहणारे परजीवी याला अपवाद. त्यांची अंडी हाताला लागून पोटात गेली तर माणसाच्या शरीरात अळ्या घर करतात. रोजचा धोका मात्र साल्मोनेला या जिवाणूचा, आणि तो निरोगी सापाच्या विष्ठेतही असू शकतो. सापाची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत, साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊ नये.

कायदा काय सांगतो?

नाग, धामण, भारतीय अजगर असे इथले साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यांना जंत झाले का, हा प्रश्न वन विभागाचा, घरमालकाचा नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी सापांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने वेगळी अनुसूची आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची ‘परिवेश २.०’ या सरकारी पोर्टलवर सहा महिन्यांत नोंदणी करायची होती, आणि पुढे जन्म, मृत्यू, हस्तांतर हेही कळवायचे आहे.

कायदेशीर आयातीत परवाने आणि प्राण्यांचे विलगीकरण असते. बिस्किटांच्या पाकिटातून आलेल्या सापाला यातले काहीच लाभत नाही. शिवाय कागद नसलेला साप दवाखान्यात न्यायला मालक कचरतो, ही भीती समजण्यासारखी आहे. मग तो इंटरनेटवर विचारतो आणि त्याला गुरांच्या औषधाच्या बाटलीचा तोच फोटो मिळतो. साप विकत घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याकडे पैसे देण्याआधी दोन कागद मागावेत : नोंदणीचा, आणि अलीकडच्या विष्ठा-तपासणीचा.