आयरिश आडनावांचं मूळ वाय-क्रोमोसोममधून कळतं का?

आयर्लंडची १९२६ ची जनगणना शंभर वर्षांनी सर्वांसाठी खुली करायला तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं १८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. या जुन्या कागदांचं एवढं अप्रूप का? कारण त्याआधीचे बरेचसे कागद उरलेच नाहीत.

जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या 'फोर कोर्ट्स'मधलं अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची जवळपास सगळी पानं त्यात गेली. १८६१ ते १८९१ च्या नोंदी तर सरकारनंच आधी नष्ट केल्या होत्या. १८४५ नंतरच्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. त्यांच्या वंशजांना नेमक्या याच काळातल्या नोंदी हव्या असतात.

कागद नाहीत, मग डीएनए?

वाय-क्रोमोसोम वडिलांकडून मुलाकडे जातो. आडनावही तसंच. आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं दहाव्या शतकापासून आहेत. युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी ती आहेत. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन पुरुषांचा वाय जुळला, तर त्यांचा मूळ पुरुष एक असण्याची शक्यता वाढते.

पण तो पुरुष कोण, हे चाचणी सांगत नाही. २००६ मध्ये ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांना वायव्य आयर्लंडमधल्या साधारण दर पाच पुरुषांमागे एकात वायची एकच खूण आढळली. तिचा संबंध पाचव्या शतकातला मानला जाणारा राजा नायल याच्याशी जोडला गेला आणि 'आम्ही नायलचे वंशज' म्हणणाऱ्यांची संख्या वाढली. पुढच्या अभ्यासांत मात्र ही खूण नायलपेक्षा जुनी असल्याचं दिसलं. म्हणजे ती अंगात असली, तरी राजा आपला पूर्वज ठरत नाही. राजघराण्याची गोष्ट विकायला सोपी असते, म्हणून ती टिकून आहे.

वाय जुळला नाही तर?

दत्तक मुलगा, आईचं आडनाव लावणारं मूल, सरदाराचं आडनाव घेतलेला आश्रित, अशी कारणं असू शकतात. शिवाय मर्फी, केली यांसारखी आडनावं वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाली. इंग्रजी अमलाखाली 'मॅक गावन', म्हणजे लोहाराचा मुलगा, कुठे मॅकगोवन झाला तर कुठे थेट स्मिथ. त्यामुळे न जुळणं म्हणजे घरात काही लपवाछपवी झाली, असं नाही. कधी कधी मात्र तसंही निघतं, आणि ते चाचणी न केलेल्या भावाला, काकालाही लागू होतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

स्त्रियांमध्ये वाय नसल्यानं त्यांना वडील किंवा भावाचा नमुना मिळवावा लागतो. शिवाय दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. वाय त्यातल्या एकीबद्दलच बोलतो.

बाकीच्यांसाठी पुन्हा कागदच. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ पासून ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. बऱ्याच गावांत मात्र त्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात.