आईचा दाखला कुठून आणायचा?

नागरिकत्वाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत बहुतेकजणी गप्प होतात. हे दिल्लीचं, सरहद्दीचं राजकारण, बायकांच्या संघटनेनं त्यात कशाला पडायचं, असा एकूण सूर असतो. मला मात्र हा प्रश्न पोटगी आणि राहत्या घराच्या हक्काइतकाच आपला वाटतो.

कल्याण-डोंबिवलीत काम करणाऱ्या मैत्रिणींना उल्हासनगर नव्यानं सांगायला नको. लष्कराचा कल्याण कॅम्प, फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं. पण माणसं येणं तेव्हा थांबलं नाही. नंतरही कुटुंबं येत राहिली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहिली. कल्याणात आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेलं जोडपं त्यांतलंच, २०१६ मध्ये आलेलं. दोघंही पन्नाशी ओलांडलेली. दोघांचेही आईवडील फाळणीआधी शिकारपूरकडे जन्मलेले.

कायद्यात त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक वंशाची. स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतात झाला असेल, तर माणूस ‘भारतीय वंशाचा’ धरला जातो आणि एकूण सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणीचा अर्ज करू शकतो. दुसरी वाट परक्या माणसानं नागरिकत्व मागायची, कायद्याच्या भाषेत देशीयकरणाची. तिला एकूण बारा वर्षं लागतात. (२०१९च्या दुरुस्तीनं पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना ही मुदत कमी केली आणि मुसलमानांना वगळलं. ही धर्माची गाळणी मला मुळातच मान्य नाही. हे जोडपं उशिरा आलेलं, त्यामुळे त्यांना तिचा फायदाही नाही.)

आता गंमत बघा. नवऱ्याच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर जन्मगाव आहे, तारीख आहे. म्हणजे नवऱ्याची सात वर्षांची वाट मोकळी. बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले, त्यांचा कागद एकही नाही. आई शाळेत गेलीच नाही. पंधराव्या वर्षी लग्न, सासरी नवं नाव, जमीन-दुकान काही नावावर नाही. कायदा म्हणतो, आई किंवा वडील, कोणाचाही जन्म चालेल. कागदावर अगदी समान वागणूक! पण जिला शाळेत घातलं नाही तिचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? एकाच घरातली, एकाच गावाहून आलेली दोन माणसं. एक वंशाच्या वाटेनं जातो आणि दुसरीला सांगतात, बारा वर्षं भरेपर्यंत थांब.

फॉर्म भरून देणारा त्यांना म्हणाला, “वहिनी, आधी भाऊंचं होऊ द्या, मग तुमचं आपोआप होईल.” आपोआप काहीच होत नाही. नवरा नागरिक झाल्यावर बायको म्हणून वेगळा अर्ज करता येतो, त्यालाही सात वर्षांचं वास्तव्य लागतं. ते तिचं भरलेलं आहे, म्हणून हा सोपा मार्ग वाटतो. पण या सोप्या मार्गात तिचं नागरिकत्व नवऱ्याच्या फाइलला बांधलं जातं. त्याची फाइल अडली की तिची अडली. मधल्या काळात तो वारला, त्यानं टाकलं, तर? १९५५च्या मूळ कायद्यात भारतीय नागरिकाशी ‘विवाहित असलेल्या किंवा विवाहित होत्या अशा’ स्त्रिया असे शब्द होते. विधवा आणि घटस्फोटिता त्यात बसत होत्या. आजच्या कलमात फक्त ‘विवाहित असलेली’ व्यक्ती उरली आहे. पुरुषांनाही हे कलम खुलं झालं, हे चांगलंच झालं. पण ‘होत्या’ गेलं, आणि त्याबरोबर कितीतरी जणींच्या पायाखालची जमीन गेली. मार खाऊनही घर न सोडणाऱ्या बाईला आपण ‘का सहन करतेस’ विचारतो, तेव्हा तिचा व्हिसा कोणाच्या आधारावर आहे, हेही विचारायला हवं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यात पीडित म्हणजे ‘कोणतीही स्त्री’. नागरिक असण्याची अट नाही. हे आपल्याच कितीजणी तिला सांगतात?

आईचं नाव या कायद्याला मुळापासूनच जड गेलं आहे. परदेशात जन्मलेलं मूल भारतीय वंशक्रमानं नागरिक ठरायचं ते फक्त बाप भारतीय असेल तर. आई पुरेशी मानायला १० डिसेंबर १९९२ उजाडावा लागला. त्याआधी जन्मलेल्यांना ती दुरुस्ती लागू नाही. म्हणजे डोंबिवलीच्या मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं आणि १९९० मध्ये परदेशात तिला मूल झालं, तर ते मूल आजही आईच्या जोरावर जन्मानं भारतीय ठरत नाही. १९९३ मध्ये भारतानं स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याचं नववं कलम नागरिकत्वाबद्दलच आहे.

आमचा आग्रह एवढाच होता की तिचा अर्ज तिच्या नावानं, तिच्या आईच्या आधारानं जावा. तिची मोठी मावशी १९४८ मध्ये कॅम्पात आली होती. मावशीचे जुने कागद, नात्यातल्या म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, आईच्या नव्या-जुन्या नावांचं शपथपत्र, हे सगळं गोळा करायला सात महिने गेले. नवऱ्याची कुरकुर झाली, “दोन फाइलींचा दुप्पट खर्च.” ती म्हणाली, “होऊ दे.” अर्ज दाखल झाला आहे, निकाल यायचा आहे.

शाळा न शिकलेल्या आईच्या जन्माचा असा पुरावा तुमच्या गावात, तुमच्या गटात कोणी मान्य करून घेतला असेल, तर कोणता कागद चालला आणि कोणता परत आला, ते आम्हाला जरूर कळवा. आमच्याकडे आणखी तीन जणी थांबल्या आहेत.